आपल्या सेवेबद्दल आम्ही समाधानी आहोत

दुकानात मायक्रोवेव्ह एकच होता आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूस फोनकडे बघून शिव्या घालत होता. आवाज हळू होता, पण दासोमने कान टवकारले, कारण त्या शिव्या तिलाच होत्या. त्याला अर्थात ते ठाऊक नव्हतं.

"कुणाच्या डोक्यातून निघालंय हे भूत," तो पुटपुटत होता. "मित्राला लिहिलं, मर तिकडे. त्याला काय गेलं? 'आपण विश्रांती घ्यावी.' तो खुशाल झोपला. मी स्टेशनबाहेर ताटकळत."

"बटण बंद करायचं मग," मागून दासोम म्हणाली.

"साहेबांना लिहिताना चालू करतो आणि राहून जातं हो." तो वळला. "तुम्हीही वापरता का?"

"मी बनवते."

मायक्रोवेव्ह वाजला. त्याने नूडल्सची वाटी बाहेर काढली, झाकण उचललं, पुन्हा लावलं... आणि वाटी तिच्यापुढे धरली. "घ्या. शिव्यांची भरपाई."

दासोमने वाटी घेतली. फुकटचं जेवण नाकारण्याइतकी ती मानी नव्हती.

पानग्योतल्या, संगणक कंपन्यांच्या त्या काचेच्या इमारतींमध्ये प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी जगाचं आयुष्य सोपं करण्याच्या मागे लागलेलं असतं. दासोमच्या लहानशा कंपनीने त्यासाठी ‘अदब’ काढलं होतं. तुम्ही मेसेजमध्ये काहीही खरडा, बटण चालू केलं की अदब त्याला मानपानाची वस्त्रं नेसवून पुढे धाडायचं. वरिष्ठांना एक ओळ लिहिताना ज्यांना घाम फुटतो, अशा लोकांच्या देशात ते हातोहात खपलं. दासोमला त्याचं फार कौतुक होतं असं नाही. आज ज्याच्यासाठी जीव काढायचा, ते चार वर्षांनी कुणाला आठवतही नाही, हे तिने पुरेसं पाहिलं होतं. कॉलेजात ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहायला शिकली, तिला आता कुणी विचारत नव्हतं. तिने बनवलेलं पहिलं ॲप कधी बंद पडलं, हे तिलाही नंतर कळलं. जुनं जातं, नवं येतं, आपण चाचण्या घेत राहायचं. माणसांबद्दलही तिचं साधारण हेच मत होतं.

नूडल्स देणारा तो माणूस, वॉन्जे, समोरच्या इमारतीत सर्व्हर सांभाळायचा. यंत्रांच्या थंड खोलीत राहून त्याची बोटं कायम गार असायची, आणि तरी तो भर थंडीत बर्फाची कॉफी प्यायचा. दुपारी जेवून दोघं ओढ्याकाठी फेरी मारू लागले. वाटेवर जिन्कोच्या झाडांची पिवळी पानं आणि त्यांची ती घाणेरड्या वासाची फळं पडलेली. दासोमचा पाय हमखास फळावर पडायचा, मग वॉन्जे मुद्दाम नाक धरून दोन पावलं लांब चालायचा... आणि पुलाजवळ पुन्हा शेजारी यायचा.

"तुमचं जन्मसाल कोणतं?" त्याने एकदा विचारलं.

तिने सांगितलं.

"मग मी लहान," तो म्हणाला. चेहरा पडला त्याचा.

"त्यात एवढं काय?"

"अहो-जाहो पुरे, असं वयाने मोठ्या माणसाने म्हणायचं असतं. मी म्हटलं तर आगाऊपणा होतो. म्हणजे मी आता वाट बघायची."

"बघा मग."

"कधीपर्यंत?"

"चाचणी चालू आहे," दासोम म्हणाली.

"नापास झालो तर तसं सांगा हं. तुम्ही लोक ॲप काढून टाकता, तसं गुपचूप नको."

ती हसली. तो तिला आवडत होता, चांगलाच आवडत होता. अडचण वेगळीच होती. प्रोग्राम बिघडला तर कालची आवृत्ती परत आणता येते. एकदा ‘तू’ म्हटल्यावर पुन्हा ‘तुम्ही’ म्हणायचं म्हणजे भांडणच. मागे फिरता येणार नाही अशा ठिकाणी पाऊल टाकायचं नाही, ही तिची कामातली शिस्त होती, आणि ती शिस्त तिने नको तिथेही पाळली.

त्याच सुमारास तिच्या साहेबांना साक्षात्कार झाला. "लोकांना बटणं नको असतात," ते म्हणाले. "जमाना आपोआपचा आहे." बटण काढायचं, अदब कायम चालू ठेवायचं असं ठरलं. लिहिणाऱ्याला आपलेच शब्द दिसणार, वाचणाऱ्याला मात्र सजवलेले. दासोमने एकदा विरोध केला, मग मान डोलावून काम उरकलं. नवी आवृत्ती आधी मोजक्या लोकांना आणि बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात मिळणार होती.

रविवारी दुपारी ती केस वाळवत असताना वॉन्जेचा मेसेज आला.

"आपल्या सेवेबद्दल आम्ही समाधानी आहोत."

तिने तो पुन्हा वाचला. थट्टा असावी... पण ही कसली थट्टा? एवढ्या फेऱ्या मारल्या, एवढं हसलो, आणि हिशेब काय, तर सेवा? तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती फार सभ्य व्हायची. तिने लिहिलं, "आभारी आहोत. पुन्हा संधी द्यावी."

सोमवारी तो दुकानात आला नाही. मंगळवारी आला तो उभ्या उभ्याच बोलला.

"जेजू बेटावर जातोय. तिथल्या सर्व्हरच्या केंद्रात बदलीवर माणूस मागत होते, सोमवारपर्यंत सांगायचं होतं. सांगून टाकलं."

"कधी जाणार?"

"शुक्रवारी." त्याने कॉफीचा पेला या हातातून त्या हातात घेतला. "तुमचं उत्तर मिळालं. छान, अदबशीर होतं. तक्रार नाही माझी."

तो गेला. दासोम नूडल्स तशाच टाकून वर आली आणि नवी आवृत्ती कुणाकुणाला गेली ते तपासलं. शेजारच्या टेबलावरच्या पोराने शनिवारी ‘काही जण’ऐवजी ‘सगळे’ निवडलं होतं. म्हणजे रविवारचं ते वाक्य वॉन्जेचं नव्हतंच. ते तिचं होतं, तिच्या प्रोग्रामचं.

मूळ शब्द कुठे सापडणार नव्हते. लोकांचं खरं बोलणं आपण साठवायचं नाही, असं तिनेच भांडून ठरवलं होतं. त्याचा तिला आज पहिल्यांदा राग आला.

मग तिने आपल्याला येतं तेच केलं. अदब उघडलं आणि एकेक वाक्य घालून पाहू लागली. ‘तुमचं ॲप बरं आहे’ लिहिलं, तर बाहेर आलं, ‘आपलं उत्पादन उपयुक्त आहे.’ ‘तुमच्याबरोबर चालायला मजा येते’ म्हटलं, तर ‘आपलं सहकार्य मोलाचं आहे.’ ‘तुम्ही मला आवडता’ लिहिताना कान तापले तिचे. बाहेर आलं, ‘आपणांविषयी आम्हांस आदर आहे.’ जवळ, पण ते नव्हे. ती थांबली. मग ‘तुम्ही’ खोडलं आणि लिहिलं, ‘तू मला आवडतेस.’

‘आपल्या सेवेबद्दल आम्ही समाधानी आहोत.’

तर तो आगाऊपणा त्याने केला होता. वाट बघून बघून, नियम मोडून, तिला ‘तू’ म्हणाला होता. आणि तिने आभार मानले होते.

दासोमने कुणाला न विचारता बटण परत जागेवर लावलं. साहेब ओरडणार होते, ओरडू देत. ती रस्ता ओलांडून त्याच्या इमारतीशी गेली आणि फोन करून त्याला खाली बोलावलं. तो जाकीट न घालताच आला.

"रविवारी तुम्ही लिहिलं ते मला मिळालं नाही," ती म्हणाली. "मला मिळालं, ‘आपल्या सेवेबद्दल आम्ही समाधानी आहोत.’"

"सेवेबद्दल?"

"सेवेबद्दल."

तो हसायला लागला, पण हसू मध्येच अडलं. "आणि मी त्यावर जेजूला निघालो..." त्याने जोडे न्याहाळले. "मग आता तोंडी सांगू का?"

"नको. वयाने मोठ्या माणसाने आधी बोलायचं असतं."

पण बोलायची वेळ आली तेव्हा तिला सवयीने वाक्य सुधारायची हुक्की आली. एक शब्द बदलला, दुसरा खोडला... वॉन्जे थंडीत कुडकुडत उभा होता.

"वॉन्जे," ती म्हणाली. नावापुढे ‘साहेब’ नाही, काही नाही. "तू मला आवडतोस. तू जाणार हे मला अजिबात आवडलेलं नाही."

त्याने मान वर केली.

"सही केलीय मी," तो म्हणाला. "निदान वर्षभर तरी..."

"मग जा. पोचलास की फोन कर. लिहू नकोस, बोल."

"तू..." शब्द तोंडात नवा होता, म्हणून त्याने तो पुन्हा म्हणून पाहिला. "तू उचलशील?"

"उचलेन," दासोम म्हणाली. "काय बोलावं ते सुचलं नाही, तरी उचलेन."