म वरून गाणं

चढ असा की नाक गुडघ्याला टेकावं, आणि त्यात शमिकाच्या मनगटातून आई बोलत होती.

"शमू, बस आता जरा. आकडा खाली आलाय."

"आकडा हिरवाच आहे, आई. तू पोळ्यांकडे बघ, करपतील."

साताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून आईला हिमालयातल्या लेकीचा श्वास दिसत होता आणि तिच्याशी बोलताही येत होतं, ते मनगटावरच्या श्वासपट्टीमुळे. रक्तातला प्राणवायू पुरेसा असला की पट्टी हिरवी, घटला की पिवळी, जिवावर बेतलं की लाल. नवं फुप्फुस बसवल्यापासून ही पट्टी अंघोळीलासुद्धा उतरली नव्हती.

ते फुप्फुस वाढवलं होतं शमिकाच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या, तेजश्रीच्या पेशींपासून. शमिकाच्या स्वतःच्या पेशींत जन्मापासूनच दोष होता. मग तेजूच्या दंडाची चिमूटभर कातडी प्रयोगशाळेत गेली आणि काचेच्या पेटीत, मुद्दाम विरळ ठेवलेल्या हवेत, तिचं गुलाबी फुप्फुस तयार झालं. "माझा माल आहे, नीट वापर," असं तेजू तेव्हापासून बजावत आली होती.

हिमालयातलं, बर्फाच्या कुशीतलं एक निळं तळं गाठायचं, असं शमिकाने दवाखान्याच्या खाटेवरच ठरवलं होतं. तेव्हा तेजू रोज फोनवर तिच्याशी गाण्याच्या भेंड्या खेळायची. गाण्याने फुप्फुसाला व्यायाम होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तेजूला तेवढं निमित्त पुरलं. ती कधीच हरली नाही. आज गिर्यारोहण शिबिराच्या सरांनी दोघींना वर सोडलं ते पट्टीच्या भरवशावर, आणि सकाळपासून भेंड्या चालू होत्या.

"त्या खडकांमागे तळं," शमिका म्हणाली. "चल, तुझ्यावर म आला."

तेजूने नुसतंच कपाळ दाबलं.

"अगं, म. शेंबडी पोरंसुद्धा म वर अडत नाहीत."

"आठवत नाहीये." तेजू दगडावर बसली. "तू हो पुढे. डोकं दुखतंय जरा, सकाळपासून."

"सकाळपासून? आणि आत्ता सांगतेस?"

"मला काय होणारेय? माझंच फुप्फुस तुझ्यात उड्या मारतंय."

शमिकाने स्वतःची पट्टी सोडली आणि तेजूच्या मनगटाला बांधली. पट्टी लाल झाली.

लगेच आईचा आवाज फाटला. "शमू, शमू, काय होतंय? बोल ना गं."

"आई, मी ठणठणीत आहे. पट्टी तेजूच्या हातात आहे."

पलीकडून हळूच, "तेजूच्या? अगंबाई. त्या पोरीकडे आपण कुणी बघितलंच नाही."

खडकांपलीकडून पाण्याचा गारवा येत होता. "बघून तरी ये," तेजू पुटपुटली. शमिकाने एकदाच वर पाहिलं. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं, हे शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"तळं कुठं पळून जातंय," ती म्हणाली. एक सॅक पाठीवर, एक पोटावर घेतली आणि तेजूचा हात स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"मी सरांना कळवते," आई म्हणाली. "सावकाश उतरा, दोघी."

उतरता उतरता पट्टी पिवळी झाली. झाडं लागली तिथे सर प्राणवायूची नळकांडी आणि एक जादा पट्टी घेऊन धापा टाकत भेटले. थोड्या वेळाने पट्टी हिरवी झाली, आणि तेजूने प्राणवायूच्या मुखवट्याआडून, अत्यंत बेसूर, म वरून एक गाणं सुरू केलं. शमिका हसायला लागली ती डोळे पुसूनच थांबली.

"उशिरा म्हटलंस. हरलीस तू."

"माझ्याच फुप्फुसाने हरवलं मला. विरळ हवेत वाढलंय ना, माजलंय. उद्या मला लागलं तर तुझ्यातलं वाढवून देशील?"

"विचार करून सांगते."

"शमू," तेजूच्या मनगटातून आई म्हणाली, "तेजूला आता सरांनी आणलेली पट्टी बांधा. तुझी तू घाल बघू परत."

शमिकाने हाताकडे पाहिलं. पट्टीच्या जागी फिकट वळं उमटलं होतं. एवढा डोंगर ती दोन सॅक आणि एक मैत्रीण घेऊन उतरली होती, आणि तिचे श्वास कुणीच मोजले नव्हते. तिनेसुद्धा नाही.

"आई," ती म्हणाली, "नाही घातली तर?"