क ओळीतल्या दोन खुर्च्या

नाट्यगृहाच्या जिन्याच्या वळणावर ती धावत खाली येत होती आणि तो वर चढत होता. तिच्या हातातला चहा त्याच्या बाहीवर सांडला.

"अगं बाई... भाजलं का?"

"नाही. चहा गारच होता." तो हसला. "मी नवा. वेबसाइटच्या कामाला."

तिच्या कपाळावर आठी पडली. वेबसाइट तर ती सांभाळत होती. मग हा कशाला?

"तुम्ही नाटक कुठून बघता?" त्यानं बाही पिळत विचारलं.

"बाल्कनीतून. क ओळ. तिथून सगळ्यांवर नजर राहते."

तिकीट खिडकीवर बसणाऱ्या मावशीला तिनं त्याच दिवशी सांगून टाकलं, "बोका आहे तो. पावलांचा आवाज नाही, आणि मी जवळ गेले की संगणकाच्या पडद्यावरचं पान बदलतो."

"दिसायला बरा आहे," मावशी म्हणाली.

"बोके दिसायला बरेच असतात!"

त्याचं कामही तिला पटेना. वेबसाइट ज्या भाषेत लिहिली होती त्या पीएचपीमध्ये न बदलणारा आकडा ती 'कॉन्स्ट' या शब्दानं नोंदवायची, फाइलीत अगदी वर, उघड. तो त्यासाठी 'डिफाइन' वापरायचा, तेही अट घालून... हे नाव आधी कुणी नोंदवलं नसेल, तरच नोंदव.

"कॉन्स्ट असं अटीत बसत नाही," तो म्हणाला.

"बसूच नये. अटी घालून बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही."

"आणि न विचारता घुसणाऱ्यांवर?"

"त्यांच्यावर तर मुळीच नाही," ती त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली. तो खाली बघून हसला. ते हसूही तिला संशयास्पद वाटलं.

मग बाल्कनी दुरुस्तीसाठी बंद झाली. तिनं आपल्या फाइलीत एकूण जागा तीनशेच्या दोनशेवीस केल्या. पण पानावर तीनशेच! बाल्कनीची तिकिटं विकली जातच होती. मॅनेजरनं तिला बजावलं, "शनिवारी बाल्कनीचं तिकीट घेऊन एक जरी माणूस दारात आला, तर तुम्हाला ठेवता येणार नाही."

ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली. "माझी नोकरी हवी आहे ना तुम्हाला? सरळ मागा की."

त्याचा चेहरा उतरला. "मी काय केलं?"

"माझ्या फाइलीत दोनशेवीस आहे. मग तीनशे कोण म्हणतंय?"

त्यानं खुर्ची सरकवून तिला जागा दिली. दोघं शेजारी बसून फाइली बघू लागले... आणि तो एकदम थांबला.

"मीच म्हणतोय. फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात. माझी 'आसन', तुमची 'तिकीट'. माझी अट आधी विचारते, कुणी नोंदवलंय का? कुणीच नाही. मग तीनशे नोंदवते. नंतर तुमचं दोनशेवीस येतं, पण एकदा नोंदवलेलं बदलत नाही. पहिलंच राहतं. चूक माझी. मॅनेजरना मी सांगतो."

"पण मग एकच नाव दोनदा नोंदवल्याची सूचना पडद्यावर यायला हवी होती!"

"यायला हवी होती," तो चाचरत म्हणाला, "पण सूचना बंद आहेत."

पानावर घाण दिसते म्हणून सूचना तिनंच बंद केल्या होत्या.

"मॅनेजरकडे... दोघं जाऊ," ती हळूच म्हणाली.

त्यानं फाइलीतली आपली ओळ काढून टाकली. पान पुन्हा उघडलं तेव्हा आकडा दोनशेवीस होता. बाल्कनीची विकलेली तिकिटं लाल झाली. ती घेतलेल्यांना खाली जागा द्यायच्या होत्या. ती एकेक नाव वाचू लागली आणि तिचं बोट थांबलं. क ओळ. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. नाव त्याचं.

"हे काय? कधी काढलीत?"

"आलो त्याच दिवशी." त्याचे कान लाल झाले. "विचारायचा धीर होत नव्हता. तुम्ही जवळ आलात की हेच पान झाकायचो."

"दुसरी खुर्ची कुणासाठी?" माहीत असूनही तिनं विचारलं.

"जिला सगळ्यांवर नजर ठेवायची असते... तिच्यासाठी."

तिनं माउस ओढून घेतला आणि त्या दोन तिकिटांना खाली, शेवटच्या ओळीत शेजारशेजारच्या जागा दिल्या.

"म्हणजे विश्वास बसला?"

"छे! आता तर तुझ्यावर जवळूनच नजर ठेवायला हवी," ती म्हणाली. "शनिवारी वेळेवर ये, बोक्या."

"बोक्या?"

"मावशीला विचार."