दुसऱ्याचा नवस

शनिवारी कारखाना दुपारीच सुटायचा. मग घरी जायच्या आधी सुगंधा एखादं संग्रहालय बघून यायची. संग्रहालय म्हणायचं आपलं. साष्टी बेटावर, म्हणजे मुंबईच्या उपनगरांत, फिरंग्यांनी जिथे जिथे चर्चं बांधली, तिथल्या जुन्या गावठाणांत कुणी ना कुणी हौशी माणूस एखाद्या खोलीत काचेची कपाटं मांडून बसलेला असे. मनोरीत तिने निळ्या नक्षीच्या फरशा पाहिल्या होत्या. दहिसरला एकाच्या पडवीत तोफेचे गोळे आणि लग्नात अंबाड्यात खोवायचे चांदीचे काटे शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"पिक्चरला चल म्हटलं तर नाय म्हणतेस, आणि मेलेल्यांची भांडी बघायला पळतेस," प्रयोगशाळेतली विमला तिला म्हणायची. "तुझी वाट लागलीय यार."

सुगंधा हसायची. रसायनशास्त्रात पदवी घेऊन ती मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मलमं बनवणाऱ्या कारखान्यात लागली होती. मेण किती तापलं की वितळतं, कोणतं मेण हातात मऊ होतं, कोणतं मोडताना कडकन तुटतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. म्हणूनच मरोळ गावठाणात, कारखान्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पास्कोल मास्तरांनी मांडलेल्या खोलीत ती पुन्हा पुन्हा जाऊ लागली. तिथे मेणाचा एक माणूस होता.

वीतभर उंचीचा. दोन्ही हात पुढे पसरलेले, दहाही बोटं सुटी आणि प्रत्येक बोटावर तांदळाच्या कणीएवढं नख.

"हा नवसाचा," मास्तर म्हणाले. शाळेतून निवृत्त झालेले, इथल्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातले, मोजकं बोलणारे गृहस्थ. "हात दुखला तर मेणाचा हात वाहतात, घर हवं तर घर. माणूस दर्यावर हरवला तर माणूस. तो परत आला की हेच मेण वितळवून मेणबत्त्या करायच्या आणि लावायच्या. मग नवस फिटला."

"मग हा कसा राहिला?"

"याचा माणूस आलाच नाही. बायको मरेपर्यंत वाट बघत होती म्हणतात. शंभरएक वर्षं झाली असतील."

शंभर उन्हाळे, वर पत्र्याचं छप्पर, आणि तरी एक नखसुद्धा ओघळलं नव्हतं. मधमाश्यांचं शुद्ध मेण असणार, असं सुगंधाने मनाशी ठरवलं. तरी एक गोष्ट तिला खटकली. बाकीच्या कपाटांच्या काचा स्वच्छ होत्या, याच एका कपाटाची काच आतून धुरकट. मास्तरांनी दार उघडलं तेव्हा तिने काचेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

"भिंतीतली ओल असेल," ती म्हणाली. "क्षार बाहेर येतात."

"असेल. मी पुसतो, परत येतं." मास्तरांनी दार लावलं. "दर्या खवळला की जरा जास्त येतं."

मरोळपासून समुद्र कुठच्या कुठे. सुगंधाने घरी ही गंमत सगळ्यांना रंगवून सांगितली. घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात. आई मंजुळा बाजारात मासळी विकायची, मोठा भाऊ धर्मा अनंता तांडेलाच्या बोटीवर जायचा. लहानपणी दोर ओढताना धर्माच्या डाव्या हाताची करंगळी कप्पीत सापडली होती आणि वरचं पेर गेलं होतं.

"त्या मेणवाल्याला दहाच्या दहा बोटं हायत ना? मग तो माझ्यापेक्षा नशीबवान," धर्मा आपली तुटकी करंगळी नाचवत म्हणाला होता. "त्याला म्हणावं, एक उधार दे."

आई तेवढी हसली नव्हती.

ही गोष्ट ब्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातली. वादळ गुजरातकडे सरकलं, पण जाता जाता त्याने वेसाव्याच्या बोटी विखरून टाकल्या. अनंता तांडेलाची बोट परत आली. धर्मा तिच्यात नव्हता.

"लाट आली आणि गेला," अनंता आईच्या पायाशी बसून सांगत होता. "वैनी, आम्ही तिथंच फिरलो. तिथं कोण नव्हता गं. कोणच नव्हता."

आई वांद्र्याला मोतमाऊलीच्या चर्चला जाऊन आली. मेणबत्त्या लावल्या, मेणाचा नवा माणूस वाहिला. वाट बघण्यात दिवस गेले. शेजारणी आता दबक्या आवाजात बोलू लागल्या, आणि एक दिवस आई सुगंधाला म्हणाली, "तो जुना आण."

"कोण जुना?"

"मरोळचा. माझा नवस आता कुठं सुरू झालाय. त्याचा शंभर वर्षं चालू हाय. तिथं कुणीतरी ऐकत असंल."

सुगंधाला हे पटण्यासारखं काहीच नव्हतं. पण प्रयोगशाळेत ती सकाळपासून तेच तेच भांडं धूत होती, हे तिच्या दुपारी लक्षात आलं. ती मास्तरांकडे गेली.

मास्तरांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या नवसावर आपलं नाव घालत नाहीत, बाय."

"का?"

"ते मला माहीत नाही. घालत नाहीत, एवढंच ऐकलंय." मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कपाट उघडलं. काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते.

बसमध्ये रुमालात गुंडाळलेला तो पुतळा तिने मांडीवर धरला होता. हाताच्या उबेने मेण जरा तरी मऊ व्हायला हवं. अंधेरी आली, सात बंगले आले, तरी ते खोल विहिरीतल्या दगडासारखं गार होतं.

ऊन उतरलं तशी आई वेसाव्याच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तिने पुतळा बुडवला, वर काढला आणि म्हणाली, "धर्मा. मंजुळाचा धर्मा." पुन्हा बुडवला. पुन्हा तेच नाव.

सुगंधा शेजारी उभी होती. मेणावर पाणी टिकत नाही. थेंब होऊन घरंगळून जातं. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पुतळा वर आला तेव्हा पाणी त्याच्यावर सगळीकडे सारखं पसरलेलं होतं. ओल्या कातडीवर असतं तसं.



धर्मा दुसऱ्या दिवशी आला.

सातपाटीच्या एका बोटीला तो जाळ्याच्या बोयाला बिलगलेला सापडला होता. ओठ फुटलेले, आवाज बसलेला, दोरीने सोललेल्या दोन्ही हातांवर जाड पट्ट्या. पण तो धर्माच होता. दारात येताच म्हणाला, "आये, भूक लागलीय. रडणं नंतर कर." सगळा कोळीवाडा घरात शिरला. अनंता तांडेल त्याच्या गळ्यात पडून पोरासारखा हमसला. "आयला, दर्याने पण परत केला तुला," तो म्हणाला, "इतका बोलतोस म्हणून!" शेजारीपाजारी पेढे गेले. रात्री सुगंधा गादीवर पडली आणि कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली.

शनिवारी ती पुतळा परत द्यायला निघाली. त्या संध्याकाळी गुंडाळलेला रुमाल तिने सोडलासुद्धा नव्हता. धर्माची पट्टी बदलायला आई त्याला दवाखान्यात घेऊन जाणार होती.

मास्तरांचा चेहरा उजळला. "आला? खरंच आला?" ते लगबगीने उठले, स्टो पेटवला, वर पाण्याचं पातेलं ठेवलं. "मग वितळवायला हवा, बाय. फिटला नवस! शंभर वर्षांनी!"

सुगंधाने हसत रुमालाची गाठ सोडली.

डाव्या हाताची करंगळी आखूड होती.

"वाटेत मोडली असेल," मास्तर म्हणाले.

तिने पुतळा खिडकीशी नेला. मोडलेलं मेण तिने हजारदा पाहिलं होतं. कड धारदार असते, आत बारीक रवा दिसतो. इथे टोक गुळगुळीत होतं. वरची कातडी मध्यभागी ओढून घेतल्यासारखी जराशी चुरगळलेली.

भरून आलेल्या जखमेवर असते तशी.

तिने लहानपणापासून पाहिली होती तशी.

मास्तरांनी पुतळा तिच्या हातातून अलगद घेतला आणि पातेल्यावर धरला. पातेल्याची वाफ त्याच्या पायांना लागली.

"नको!"

आपला आवाज इतका मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने पुतळा हिसकून घेतला, छातीशी धरला.  मास्तरांनी स्टो विझवला आणि कपाटाचं दार उघडून धरलं.

तिने पुतळा आत ठेवला. कपाटाची काच आतून कोरडी ठणठणीत होती.

घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"वितळवलंस?" आईने हळूच विचारलं.

"नाय."

आईने डोळे मिटले आणि धरलेला श्वास सोडला. घट्ट बांधलेली गाठ सैल व्हावी तसे तिचे खांदे खाली आले. "बरं केलंस," ती म्हणाली. "ये, आत ये. गरम गरम खा."

आत धर्मा जेवत होता. पट्ट्या निघाल्या होत्या. अनंताला तो लाटेची गोष्ट सांगत होता, दोन्ही हात पसरून, आणि अनंता पोट धरून हसत होता. धर्माचंच हसणं, धर्माचेच शब्द. सुगंधाची नजर त्याच्या डाव्या हातावर गेली. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. ती पुढे मोजू लागली. करंगळीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं नख होतं.

"आलाय ना घरी?" आई तिच्या कानाशी म्हणाली. "मग बोटं काय मोजतेस?"

सुगंधा भावाशेजारी पाटावर बसली. त्याने आपल्या ताटातली तळलेली तुकडी तिच्या ताटात टाकली, नेहमीसारखी. तिला रडू आलं, आणि ते आनंदाचंच होतं.

आईने तव्यावर पुढची तुकडी सोडली. तेल चरचरलं, स्टोची आच मोठी झाली. तशी आई वळली, एक हात धर्माच्या खांद्यावर ठेवला, आणि पाटासकट त्याला मायेने भिंतीकडे सरकवलं.

"तू जरा लांब बस रे, पोरा," ती म्हणाली. "इथं धग लागते."