काष्टीकरांची आई

नगरजवळच्या केडगावात तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या. पुणे रस्त्याच्या कडेला काल जिथं बाजरी होती तिथं आज दोन खोल्या आणि वर पाण्याची टाकी. अशाच एका घरावर पितळी पाटी होती, ‘एस. आर. काष्टीकर’. माणूस एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि नाव सहादेव. काष्टी गावचा म्हणून काष्टीकर, त्यात खोटं काय, असं तो स्वतःलाच समजवायचा. खरं आडनाव गावात राहिलं होतं, बौद्धवाड्यात. त्या आडनावापायी ठरलेल्या भाड्याच्या खोल्या हातच्या गेल्या होत्या. म्हणून त्यानं हे नवं घेतलं, आणि एकदा घेतलं ते घेतलंच.

पुढं आई, आक्काबाई, गावाहून त्याच्याकडे राहायला आली आणि त्याच्या जिवाला घोर लागला. बाई मोकळ्या गळ्याची. दारावर भाजीवाला आला तरी आधी ‘जय भीम रं बाबा’, मग मेथीचा भाव. ‘आई, जरा हळू’ हे सहादेवचं दिवसभराचं पालुपद. ती म्हणायची, “हळू बोलाया म्या काय चोरी केलीय?” सहादेव उठून खिडकी लावून घ्यायचा.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात कारखान्याची सहल निघाली, बायकामुलांसकट, मुंबईला. त्यात बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि तिथली कान्हेरीची लेणी.

“तिथं बुद्ध हाय म्हनं डोंगरात. मला न्हे,” आक्काबाई म्हणाली.

“न्या की,” सहादेवची बायको दीपा म्हणाली. “आजवर कुठं नेलंय त्यांना?”

नेलं. पार्काच्या फाटकातून बस आत शिरली, बोरिवलीच्या इमारती मागं पडल्या आणि हॉर्न असे थांबले, जणू कुणी कानावर हात ठेवला. दोन्ही बाजूंनी रान. कुजल्या पानांचा वास. वळणावळणाच्या रस्त्यानं छोट्या सायलीला बस लागली, म्हणून दीपा तिला घेऊन खालीच झाडाखाली बसली. बाकीची मंडळी दगडी पायऱ्या चढून वर गेली. डोंगरभर लेणीच लेणी, काळ्या दारांची. लांब पश्चिमेला खाडी चकाकत होती.

मोठ्या लेण्याच्या ओसरीत बुद्धाची मूर्ती उभी आहे, तीन-चार पुरुष उंचीची. आक्काबाईनं पाहिली आणि तिचे डोळेच भरले. चपला काढल्या, हात जोडले आणि मोकळ्या आवाजात वंदना सुरू केली. लेणं सगळं घुमू लागलं. कारखान्याची माणसं वळून बघायला लागली. सहादेवची कानशिलं तापली.

“काष्टीकर, या कोण तुमच्या?” साहेबांच्या पत्नीनं विचारलं.

“आमच्याकडे असतात,” तो म्हणाला. “मुलीला सांभाळायला.”

बोलून गेला, आणि मग कळलं काय बोललो ते. वंदना अर्ध्यावर थांबली होती. आक्काबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच वरच्या लेण्यांकडं चालू लागली.

निघायची वेळ झाली तरी ती परतली नाही. सहादेव शोधायला वर गेला. हाक मारायची सोय नव्हती, पायऱ्यांवर ऑफिसची माणसं होती. दार दिसेल तिथं तो डोकावत होता. आतून गार हवा आणि वटवाघळांचा कुबट वास अंगावर येत होता. एका लहानशा लेण्यात, आतल्या दगडी बाकावर, कुणीतरी बसलं होतं.

“आई...?” तो पुटपुटला.

“आले,” आतून उत्तर आलं, आणि ती उजेडात आली. तेच लुगडं, कपाळावर तेच गोंदण. “चल, सहादेव. साहेबांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.”

तोंड आईचं होतं आणि बोलणं रेडिओवरच्या बाईचं. खाली येऊन तिनं साहेबांच्या पत्नीला हळुवार हात जोडले. “मी सहादेवची आई. मघाशी त्यानं थट्टा केली तुमची.”

सगळे खळखळून हसले. “अहो, किती गोड बोलतात आई,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागून, वरच्या अंगानं, सहादेवला हाक ऐकू आली. “सहादू... आरं, म्या हितं हाय... अंधार लई हाय रं...”

बाकी कुणाला ऐकू आलेलं दिसलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या त्या ‘आई’नं मात्र त्याच्याकडं पाहिलं आणि ती किंचित हसली. सहादेव पुढं होऊन बसमध्ये चढला. त्याला लाज वाटली का? वाटली तर. पण त्याआधी, क्षणभर, त्याला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज त्याला जन्मभर पुरली.

केडगावात ती सगळ्यांना आवडली. हळू बोलायची, दार लोटून घ्यायची. एके दिवशी तिनं भिंतीवरचे दोन्ही फोटो, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा, उतरवून पेपरात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवून दिले. “लोक येतात आपल्याकडे,” ती म्हणाली. हे सहादेवच्या मनात कधीचं होतं, पण त्यानं ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. सायली आजीजवळ झोपेनाशी झाली. का, तर म्हणे आजीच्या अंगाला दगडाचा वास येतो.

मग काष्टीहून लंकाबाई मावशी बहिणीला भेटायला आली. “या ना, बसा. चहा घेणार का?” बहीण बाहेर येऊन म्हणाली. लंकाबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं, हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं आणि उठली. सहादेव मागोमाग स्टॉपपर्यंत गेला.

“सहादू, माझी भन कुटं सोडलीस रं?”

“मावशी, असं काय करता, घरात तर...”

“मला शानपना शिकवू नगंस. जा, आन तिला.”

तो कान्हेरीला गेला, एकटाच. दुपारची वेळ होती. ते लहानसं लेणं सापडलं. आत नुसता बाक. आता हाक मारायची, मोठ्यानं, ती जशी मारायची तशी. पण समोरच्या कट्ट्यावर कॉलेजची पोरं डबे उघडून बसली होती. सहादेव चपलेची पट्टी नीट करत राहिला. आई आत अंधारात, आणि हा पोरं उठायची वाट बघतोय. त्याची त्यालाच किळस आली, तरी तो थांबलाच.

पोरं गेली. ऊन कलायला लागलं. तेव्हा कुठं त्याचं तोंड उघडलं.

“आये... ए आये...”

पाखरं गप्प झाली. आणि मग सगळ्या डोंगरातून ओ आली. “आले रं लेकरा...” “इलंय रे झिला...” “आली रे बाप्पा...” खालून, वरून, डोंगरापलीकडून. प्रत्येक काळ्या दारात एकेक म्हातारी येऊन उभी राहिली, कपाळाशी हात धरून, उजेडाकडं डोळे बारीक करून. कुणी कोकणातली, कुणी वऱ्हाडातली, आणि नगरकडच्या तर कितीतरी. तोंडं सावलीत होती. ओळखायचं ते आवाजावरून.

सहादेव कान देऊन ऐकू लागला. इतकी वर्षं ‘हळू, हळू’ म्हणून जो आवाज दाबला, तो नेमका कसा होता ते त्याला आठवेना. हिचा वाटावा, तोवर तिचाही तसाच वाटे.

“आये, म्या सहादू...” तो रडायला लागला. “माझी कोन हाय? म्होरं ये...”

पहिल्या दारातलीनं त्याला खालवर न्याहाळलं. “माझा न्हवं,” ती म्हणाली आणि आत वळली. मग दुसरी. “माझा न्हवं.” मग तिसरी. एकेक दार रिकामं होत गेलं. सगळ्यांनी तेच सांगितलं.

त्यात ‘माझा न्हवं’ म्हणताना एकीचा आवाज कापरा झाला. कुठल्या दारातलीचा, ते त्याला कळलं नाही.