मबारक कडी बसवायला गेला ती रात्र

इद्दर, आधी चहा घे. घराचं मग बोलू. तुझा बेत तुझ्या आईनं मला दुपारीच सांगितला. दीपस्तंभामागच्या गल्लीतलं ते निळ्या खिडक्यांचं घर वर्षभराच्या करारानं घ्यायचं, रंग मारायचा, फोटो टाकायचे, आणि परदेशातल्या पोरापोरींना महिन्याच्या भाड्यानं द्यायचं. येतील की. समोर समुद्र, आणि त्यांच्या मानानं भाडं काहीच नाही. पण सही करण्याआधी मबारकचं काय झालं ते ऐक. आणि लहसेन, तू तो फोन खाली ठेव, नाहीतर उठून जा.

मबारक कुलूपवाला म्हणजे माझा शाळेतला सोबती. गावावर स्पॅनिश लोकांचं राज्य होतं तेव्हा एकाच स्पॅनिश मास्तराच्या हातचा मार खाल्लाय आम्ही दोघांनी. हल्ली तो तिझनीत शहरात मुलीकडे राहतो. तो खोटं सांगेल असं मला वाटत नाही. खोटं रचायला डोकं लागतं, आणि ते त्याला कधीच नव्हतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीची सहा तारीख, गुरुवार. त्या घरात तेव्हा एक स्पॅनिश मुलगी राहत होती. इत्झियार तिचं नाव, बिल्बाओची, वय सव्वीस. दिवसभर लॅपटॉपवर भाषांतरं करायची, संध्याकाळी कड्यावर जाऊन बसायची. दोन महिने झाले होते. आपल्या शिल्हा बोलीतले तिला चारच शब्द यायचे. सलाम, पाव, पुरे, आणि देव भलं करो. तेही असे म्हणायची की हसू यावं.

गल्लीनं तिला काही सुखानं राहू दिलं नाही. खोटं कशाला बोलू? पोरं दारावर कचरा टाकायची. समोरची तूदा म्हातारी खिडकीतून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारायची, "काय गं, तुमच्या देशातली घरं संपली का?" एकदा त्या पोरीनं उत्तर दिलं, "संपली, आजी. मला परवडणारी सगळी संपली." तूदानं खिडकी लावून घेतली. मी तीस वर्षं त्या गल्लीत टपाल वाटलं, पण त्या पोरीला मीही कधी आपणहून सलाम केला नाही.

तर त्या गुरुवारी ती मबारकच्या दुकानात आली. म्हणाली, "दाराला आतून कडी हवीय. संध्याकाळी कुणीतरी थापा मारतं. उघडलं की कुणी नसतं."

मबारकला वाटलं, पोरंच असणार. म्हणाला, "आजच येतो."

इशाची, म्हणजे रात्रीची नमाज उरकून तो गेला. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. धुकं असं की दीपस्तंभाचा झोत नुसता पिवळट डागासारखा फिरत होता. कडी जाडजूड होती, अडसरासारखी आडवी सरकणारी. इत्झियारनं दिवा धरला, यानं भोकं पाडली. काम होत आलं तशी ती म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं, मबारककाका. फक्त साखर संपलीय. कोपऱ्यावरून आणते, पाच मिनिटांत येते."

"राहू दे पोरी, बिनसाखरेचा घेईन."

"तुम्ही? बिनसाखरेचा?" ती हसली, बुटांच्या नाड्या बांधून गेली.

यानं दार ओढून घेतलं, शेवटचे स्क्रू पिळले, कडी सरकवून बघितली. छान बसली होती.

तेवढ्यात थाप पडली.

"मबारककाका, उघडा. हात भरलेत माझे." स्पॅनिशमध्ये, तिचाच आवाज.

यानं उघडलं. बाहेर धुकं. कुणी नाही.

"इत्झियार?"

 तो दोन पायऱ्या उतरला, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. समोर तूदाच्या खिडकीत उजेड होता. तो परत आत आला. म्हणाला, पोरंच. आवाज काढतात मेली. कडी लावून घेतली.

पुन्हा थाप.

"काका, उघडा ना. थंडी वाजतेय."

पुन्हा उघडलं. पुन्हा कुणी नाही. पण या वेळी, तो सांगतो, दारातून काहीतरी गार अंगावर आलं. तळघराचं झाकण उघडल्यावर येतं तसं. यानं दार लोटलं. कडी लावली. आणि कडीवरचा हात काढलाच नाही.

तिसरी थाप.

"मबारक. रक्कूशच्या लेका. उघड."

आवाज इत्झियारचाच. पण बोली आपली. शिल्हा. अस्सल, डोंगरातल्या बायका बोलतात तशी. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

लहसेन, हसतोस काय? रक्कूश म्हणजे मबारकची आई. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. गावात त्याला सगळे बापाच्या नावानं ओळखतात. आईचं नाव मला ठाऊक होतं, ते मी त्यांच्या घरी जेवलोय म्हणून. त्या पोरीला कोण सांगणार?

मबारक बिस्मिल्ला म्हणाला. पुढचं आठवेना.

"आत ऊब आहे ना?" बाहेरून आवाज. "मला पण घे की. इतक्या जणांना घेतलंत तुम्ही गावानं. फिरंग्यांना घेतलंत. मला नाही?"

आणि थापा. चालूच.

"कोण आहेस?" यानं विचारलं.

बाहेर हसू. अगदी त्या पोरीचं हसू. साखरेवरून हसली होती ते.

मग यानं, त्यातल्या त्यात एक शहाणपण केलं. खिशातला फोन काढला आणि इत्झियारला लावला. म्हटलं, ती दुकानात असेल. तिला सांगू, येऊ नकोस, तिथंच थांब.

घंटी वाजली.

दाराबाहेर.

अगदी दाराला लागून. खाली, उंबऱ्याच्या उंचीवर.

वाजत राहिली. कुणी उचलेना. आणि वरून, माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, तिचाच आवाज आला. शिल्हात.

"उचलू का मी?"

यानं फोन बंद केला. 

थापा चालू होत्या... पण हळू. आणि खालून. तळहाताच्या. मग नुसत्या बोटांच्या.

मग त्याही थांबल्या.

मग काहीच नाही.

...

तो किती वेळ तसा उभा होता, त्याला सांगता येत नाही. दीपस्तंभाचा डाग खिडकीवरून जात होता, येत होता. शेवटी यानं डोळे मिटले आणि कडी काढली. का काढली, ते मी त्याला विचारलंय. म्हणाला, "हम्मू, थापा थांबल्या ते मला सहन होईना."

इत्झियार पायरीवर होती. चौकटीला पाठ टेकून बसलेली. अनवाणी. मांडीवर साखरेची पुडी फुटलेली. फोन शेजारी पडलेला. आजूबाजूला कुणी नाही. यानं तिला खांद्याला धरून वळवलं. तिचं तोंड उघडं होतं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ओरडत होती ती.

पण आवाज नव्हता.

जराही नाही. श्वासाचा सुद्धा नाही.

यानं तिला उचललं, धुक्यातून तसंच आपल्या घरी आणलं. घड्याळात सव्वानऊ वाजले होते. त्याच्या बायकोनं तिच्यावर दोन घोंगड्या टाकल्या, तोंडाला गरम दूध लावलं. मध्यरात्रीनंतर पोरगी जरा सावरली. मबारकचा फोन मागून घेतला आणि त्यावर लिहिलं. मबारकनं मला ते दाखवलंय. मी वाचलंय.

तिनं लिहिलं होतं, 'मी परत आले तेव्हा ती आधीच दाराशी उभी होती. माझ्यासारखीच. मी ओरडायला तोंड उघडलं, तर आवाज तिच्या तोंडून आला. त्यानंतर माझा आवाज माझ्याकडे आलाच नाही. मी फक्त थापा मारू शकत होते. सगळ्या थापा माझ्या होत्या, काका. पहिल्या दोन सोडून.'

मबारक ते वाचून भिंतीला डोकं टेकून बसला. अजूनही तेच म्हणतो. "मी आवाज ऐकत बसलो रे. थाप ऐकायला हवी होती."

सकाळी दवाखाना झाला, मग अगादीरला मोठा डॉक्टर झाला. दोघंही म्हणाले, घसा ठणठणीत आहे. दहाव्या दिवशी तिचा भाऊ बिल्बाओहून येऊन तिला घेऊन गेला. उन्हाळ्यात तिचं पत्र आलं मबारकला. हातानं लिहिलेलं. आवाज अजून आलेला नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'तुमचा राग नाही मला. पण मी तिथं राहायला आले होते. खरंच राहायला.'

हां, तूदाचं राहिलं.

त्या रात्री तिच्या खिडकीत उजेड होता ना? मी दुसऱ्या दिवशी तिच्या माडीवर गेलो. विचारलं, "काही दिसलं का गं तुला?"

म्हातारी कांदा चिरत होती, सुरी थांबवून म्हणाली, "सगळं दिसलं. दाराशी दोघी होत्या. एक उभी, एक खाली बसत चाललेली. दोघींचे केस सारखेच."

मी भडकलो. "मग हाक का नाही मारलीस? एक हाक मारली असतीस तर मबारकनं दार उघडलं असतं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आणि दोघींनी वळून पाहिलं असतं तर?"

मी खाली आलो. 

इद्दर, चहा गार झाला तुझा. अजून एक आहे, मग झोपायला जा.

ती पोरगी मबारकच्या घरी असतानाच, पाचव्या दिवशी, मंगळवारी, मबारक आणि मी तिचं सामान आणायला त्या घरी गेलो. भर दुपारी. एकट्यानं जायला तो तयार नव्हता. ते पाच दिवस वाळवंटाकडचा वारा सुटला होता, आठवतं? ओठ फुटत होते, वाळत टाकलेले कपडे तासाभरात कडक व्हायचे. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

पायरीवर तिचे बूट होते.

आदल्या दिवशी मी तिथून गेलो होतो. तेव्हा नव्हते.

जोडीनं ठेवलेले. टाचा दाराकडे, टोकं गल्लीकडे. नाड्या नीट बांधलेल्या. आणि दोन्ही बुटांत काठोकाठ वाळू. दाबून, थापून भरलेली. समुद्र तिथून किती खाली आहे, तुम्हाला ठाऊक आहे.

मबारक मागे सरला. मी वाकलो. मी स्वतः, या बोटानं, ती वाळू दाबून पाहिली.

ओली होती.