काकांच्या नावाचं बटण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचीच लिफ्ट बंद पडली आणि आत ती एकटी अडकली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! वरच्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये ती फोनवर बसायची. शहरभर फिरणाऱ्या मेकॅनिक लोकांना कामं सांगायची. आज तिलाच त्यांच्यातल्या कुणाची तरी वाट बघावी लागत होती.

दार हातभर उघडलं. आधी टॉर्च दिसला, मग ग्रीसने काळा झालेला एक हात.

"घाबरू नका. पाय इथे ठेवा… हं, आता हात धरा."

हा आवाज रोज तिच्या कानात असायचा.

"लंबू?" मेकॅनिक लोकांतलं त्याचं टोपणनाव ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तो हसला. "कंट्रोल, तुम्ही होय! आवाजावरून वाटायचं, चांगल्या धिप्पाड असाल."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला मिशी असेल."

"ठेवतो की… तुम्ही म्हणत असाल तर."

तिच्या मनगटावर ग्रीसची बोटं उमटली होती. ती तिने लगेच धुतली नाहीत.

त्यानंतर फोनवरचं बोलणं एखाद्या वाक्याने वाढलं. बाकी सगळे मेकॅनिक तिला ताई म्हणत, हा म्हणत नसे. एकदा तिने कारण विचारलं, तर म्हणाला, "दोन आहेत घरी. तिसरीचा धाक झेपायचा नाही."

मेकॅनिक जोडीने जात. एकजण लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरे, दुसरा वर मशीनपाशी थांबे. काम झालं की खालच्याने स्वतः फोन करून 'बाहेर आलो' असं कंट्रोलला सांगायचं, कंट्रोलने वरच्याला कळवायचं आणि मगच त्याने वीज सुरू करायची. लंबूच्या जोडीला काका असत. सख्खे नव्हेत, पण हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलेलं आणि त्याचं दुपारचं जेवण काकूंच्या हातचं. काका फोनवर ओरडून बोलत, "आलो गं बाई बाहेर. काळजी करू नकोस."

मग कंपनीने सगळ्यांना स्मार्टफोन दिले. काम फोनवर येणार, झाल्याचा फोटो फोनवरूनच जाणार आणि 'बाहेर आलो' म्हणायला एक हिरवं बटण; दोघांनी आपापलं दाबलं की वीज सुरू करायची. बोलण्यात जाणारा वेळ वाचेल, असं साहेबांनी सांगितलं. कंट्रोल रूममधल्या बायका एकेक करून कमी झाल्या. हिला ठेवलं, पण पुढ्यातला फोन काढून टॅब्लेट दिला. त्यावर शहराचा नकाशा आणि मेकॅनिक म्हणजे त्यातले ठिपके. ठिपक्याशी काय बोलणार?

म्हणून ती दोघं भेटायला लागली. सुटल्यावर बसथांब्यामागच्या बाकावर…

"आज दुपारी तुझा ठिपका बराच वेळ एकाच जागी होता," ती एकदा म्हणाली.

"कुठे होता, तेही बघितलं असशील."

"आमच्याच इमारतीखाली."

"खिडकीत कुणी येतंय का बघत होतो. कुणी आलं नाही बुवा."

"मी ठिपक्याकडे बघत होते ना!" तिने सांगितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

लग्नाचं ठरलं तेही त्याच बाकावर. तिच्या दादाने आढेवेढे घेतले, पण मुलगा कायम नोकरीतला म्हटल्यावर हो म्हणाला.

काकांचं मात्र फोनशी जमलं नाही. लोखंडी दोर ओढून त्यांचा अंगठा दगडासारखा झालेला. स्क्रीनला तो लागायचाच नाही. चार वेळा दाबून काका चिडत, "हे डबडं मला माणसात धरत नाही." म्हणून लंबू त्यांचा फोन आपल्याबरोबर वर न्यायला लागला. काकांनी बाहेर येऊन खालून हाक दिली की तो दोघांचीही बटणं दाबे. म्हाताऱ्या जोडीदारांसाठी कंपनीत बरेच जण तसंच करत. हिलाही ठाऊक होतं, कारण खड्ड्यात रेंज नसल्याने खालच्याचा ठिपका विझायचा, यांचे दोन्ही ठिपके मात्र कायम एकावर एक असत. "काका तुझ्या खिशात राहतात का रे?" असं तिने त्याला चिडवलंही होतं.

त्या दिवशी पुढचं काम फोनवर आधीच येऊन पडलं होतं. उशीर होतोय म्हणून ते लाल होऊन लुकलुकत होतं. काका एरवी तोवर बाहेर आलेले असत. हाक येण्याआधीच त्याची बोटं सवयीने दोन्ही बटणांवरून फिरली. एक त्याचं, एक काकांचं. मग त्याने वीज सुरू केली.

काका अजून खाली होते.

ऑफिसात तिच्यासमोर दोन्ही ठिपके हिरवे झाले. छान, काम संपलं, असं तिला वाटलं.

काका गेले. चौकशी लागली. जबाबाच्या आदल्या दिवशी साहेबांनी लंबूला खोलीत घेतलं, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. फोन काकांच्या नावावर, बटण काकांच्या नावाचं. त्यांनीच चुकून दाबलं म्हण, तुझ्यावर काही येणार नाही, असं समजावलं. फक्त, चूक काकांची ठरली की काकूंना भरपाई मिळणार नव्हती. आणि खरं सांगितलं तर याची नोकरी जाणार, वर पोलिसांची केस. मग दादा लग्न होऊ देणार नाही, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

बाकावर तो खूप वेळ हाताकडे बघत बसला. "काय सांगू?" त्याने विचारलं.

"मी अडवावं म्हणून विचारतोयस," ती हलकेच म्हणाली. "मी नाही अडवणार… आणि ठिपके एकावर एक असायचे, ते मीही सांगणार आहे."

दोघांनी सांगितलं. तो चौकशीच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याची नोकरी गेली होती, वर पोलिसांत केस झाली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून तिलाही येऊ नको म्हणाले. दादाने घरात तिच्याशी बोलणं टाकलं.

लंबूला काकूंकडे जायचं होतं. चौकशीत जे सांगितलं ते त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. ती त्याच्याबरोबर गेली. काकू दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. तो पायरीवर उभा राहून बोलला. सवय, लाल लुकलुकणारं काम, बटण, सगळं. कुठे थांबला नाही की रडला नाही. बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि तो भिजत होता.

काकूंनी ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे न बघता त्या तिला म्हणाल्या, "घेऊन जा याला. मला याचं तोंड बघवत नाही." दार लोटता लोटता थांबल्या. "उपाशी असेल तो. वाटेत काहीतरी खायला घाल."

कोपऱ्यावरच्या टपरीत तिने पाव आणि अंडी मागितली. त्याच्यासमोर ताटली सरकवली.

"तू घरी जा," तो म्हणाला. "दादाचं बरोबर आहे. माझं आता काही राहिलं नाही."

"आधी खा."

त्याने घास तोंडात घातला. इतके दिवस अडलेलं सगळं तेव्हा डोळ्यांतून आलं, आणि टपरीवाल्याने पाठ फिरवून भांडी घासायला घेतली. तिने आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी लावली, पाण्याचा ग्लास जवळ सरकवला.

"सावकाश," ती म्हणाली. "मला कुठेही जायचं नाही."