लग्नाच्या पानावरचं कापड

"अगं बाई, मढ्याचं कापड! लग्नाच्या आमंत्रणावर मढ्यावर घालायचं कापड!"

बुधे मुर्तिनी, म्हणजे घरातली थोरली मावशी, हातातला फोन चटका बसल्यासारखा चटईवर टाकून किंचाळली, आणि जावातल्या सोलो शहरात मेणानं नक्षी काढून कापड रंगवणाऱ्या त्या बातिकवाल्यांच्या घरात भरल्या बैठकीचे डोळे फोनकडे वळले… विहीणबाईंचा चहाचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. फोनवर घरातल्या धाकट्या मुलीच्या, अंबरच्या लग्नाचं वेबवरचं आमंत्रण उघडलेलं होतं. नवरा-नवरीची सोनेरी नावं, आणि त्यांच्या मागे पानभर काळ्या-तपकिरी त्रिकोणांची स्लोबोगची नक्षी! याच नक्षीच्या कापडाखाली या घरातल्या बापाला शेवटचं निजवलं होतं.

अंबरच्या थोरल्या बहिणीनं, वुर्यानीनं, झटकन फोन उचलला. पान तिचं होतं, पण ती नक्षी तिची नव्हती! लग्नाची वेबपानं करणं हाच तिचा धंदा. आणि बहिणीच्या पानासाठी तर तिनं सिदोमुक्तीची मंगल नक्षी पाकळी पाकळी करून स्वतः रेखाटली होती, बोट लावताच ती हळूहळू उमलावी म्हणून जीव ओतून कोड लिहिलं होतं… घरच्यांनी तिचं काम पहिल्यांदाच मागितलं होतं ना! तिनं अंबरकडे पाहिलं. धाकटीचे ओठ पांढरेफटक पडले होते. "म्बाक, मला पण थोडं बदलू दे ना गं," असं काल ताईला लाडीगोडी लावून तिनंच तर पासवर्ड घेतला होता. कपाटातलं एक कापड आवडलं, फोटो काढला, लावून दिला! बिचारीला काय ठाऊक? तिच्या हाताला मेण कधी लागलंच नव्हतं. तिनं शिकावं म्हणून शाळा सोडून मेणाच्या धुरात बसली होती ती वुर्यानी.

नवरीनं आपल्या हातानं मढ्याचं कापड निवडलं असं कळलं, तर विहीणबाई इथूनच उठून जाणार, हे उघड होतं.

"मीच लावलं ते," वुर्यानी म्हणाली. "घाईत चुकलं."

"चुकलं?" इबु, म्हणजे दोघींची आई, कडाडल्या. "बातिकवालीच्या पोटी येऊन हे चुकतं? मेण टाकून त्या डबड्यापुढे बसायला योग्याकार्ताला पळालीस, तेव्हाच समजायला हवं होतं मला! की धाकटी तुला ओलांडून चाललीय, हे बघवत नाही तुला?"

हाय रे दैवा! पोटच्या मुलीला, आणि तेही परक्यांसमोर…

"ओलांडणीपुरती ये," इबु म्हणाल्या, "आणि मागच्या मागे निघून जा. मांडवात दिसू नकोस."

ते पान वुर्यानीनं लगेच काढून टाकलं, घाईघाईनं कागदी पत्रिका वाटल्या गेल्या. ओलांडणी मात्र टळणारी नव्हती. थोरली अविवाहित असताना धाकटीनं तिच्या पायाशी बसून परवानगी मागितल्याशिवाय लग्न कसं लागणार? लग्नाच्या दिवशी अंबरनं तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि हुंदक्यांनी तिचं अंग हलू लागलं.

"म्बाक, मी सांगून टाकते सगळ्यांना… नाही सोसवत गं मला…"

"गप्प!" वुर्यानी तिच्या केसांतून हात फिरवत पुटपुटली. "गजरा विस्कटेल वेडे. ऊठ, सुखी हो."

मांडवात गामेलानच्या वाद्यांचे सूर सुरू झाले, तेव्हा ती स्टेशनच्या रस्त्याला लागली होती.

योग्याकार्तातल्या त्या भाड्याच्या खोलीत दिवस कामात कसा सरे, ते तिला कळत नसे. रेषा आणि रंग, त्यांना हलवणारं गणित, दोन्ही एकाच हाताखाली! असं सुख मेणानं कधी दिलं नव्हतं. पण एखादी नक्षी मनासारखी उमलली की ती हसून मागे वळे, आणि मागे कुणीच नसे… किती जोडप्यांच्या दारी तिनं तोरणं बांधली, आणि तिच्या दारी कुणी चुकूनसुद्धा येत नव्हतं!

आणि एका दुपारी दार वाजलं. इबु! हातात केळीच्या पानात बांधलेला नारळाच्या दुधातला भात.

"वाळलीस," एवढंच त्या म्हणाल्या. मग चटईवर टेकत, "आधीचं पान दाखव. तुझं."

वुर्यानीनं ते उघडलं. इबुंनी बिचकत बोट लावलं. सिदोमुक्ती उमलली… इबु श्वास रोखून पाहत राहिल्या. मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "उलटी बाजू दाखव."

चांगल्या बातिकला दोन्ही बाजूंनी मेण देतात, उलट-सुलट कळू नये म्हणून. वुर्यानीनं न हसता कोडच्या ओळी उघडल्या. इबुंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण त्या सारख्या, नेटक्या रांगांवरून त्यांची नजर फिरत राहिली.

"कुणी बघत नाही ना गं ही बाजू?"

"नाही, इबु. तरी नीट ठेवते. तुम्हीच शिकवलंत."

आणि बांध फुटला!

"मला माहीत होतं, वुरी! त्याच क्षणी कळलं होतं… बापावर स्लोबोग तूच घातलंस, तू कशी चुकशील? पण दोघींतल्या एकीलाच वाचवता येत होतं… आणि तू सोसशील, हे ठाऊक होतं मला! सोसणारीलाच बळी दिलं गं मी!"

वुर्यानी त्यांच्या मांडीवर कोसळली. किती काळचं साठलेलं रडू ते!

तेवढ्यात इबुंचा फोन वाजला. बुधे मुर्तिनी! "कुठे आहेस गं? वुरीकडे? त्या मढ्याचं कापड लावणारीकडे?"

इबुंचे ओठ खरं बोलायला उघडले… वुर्यानीनं त्यांचा हात दाबला आणि मान हलवली. अंबर सासरी होती. बुधेच्या तोंडात तीळ भिजत नसे.

इबुंनी डोळे मिटले.

"हो," त्या म्हणाल्या, आणि मुलीचं डोकं त्यांनी पोटाशी ओढून घेतलं. "तिच्याचकडे. माझी थोरली आहे ती. आज मी इथेच राहणार आहे."